आलराइटला तीट

कोंडीला इंग्रजीतला एकच शब्द येत होता. पण तो असा काही येत होता, की बाकीचे आले नाहीत म्हणून तिचं कधी अडलं नाही. तो शब्द म्हणजे आलराइट.

हा शब्द तिच्या सासरी तिच्या आधीच येऊन बसला होता, एखाद्या सवतीसारखा. लग्न होऊन खालापूरकडच्या माहेरातून ती निघाली, तेव्हा तिला वाटलं होतं, सासर म्हणजे चार घरांची आळी असेल, विहीर असेल, भांडायला एखादी जाऊ असेल. येऊन पाहते तर काय, कर्जतच्या पुढं, जिथून आगगाडी दम टाकत घाटाकडे निघते, तिथं रुळाच्या अंगाला एक दगडी खोली. शेजार म्हणाल तर एक फाटक, एक कंदील आणि पळसाची झाडं. भांडायला सासू सोनाबाई होती म्हणून बरं.

नवरा धाकलू फाटकवाला. बैलगाड्यांची वाट रुळावरून पलीकडे जायची, त्या वाटेवरचं ते फाटक. आगगाडी यायची झाली की ते लावायचं, बैलगाड्या थांबवायच्या आणि गाडीच्या ड्रायव्हरला निशाण दाखवायचं. निशाणं तीन. तांबडं म्हणजे थांब. हिरवं म्हणजे हळू, सांभाळून. आणि पांढरं म्हणजे आलराइट, बिनघोर ये. हल्ली हिरव्यालाच ये म्हणतात, तेव्हा तो मान पांढऱ्याचा होता.

पहिल्या दिवशी धाकलूनं पांढरं निशाण छातीसमोर ताठ धरलं आणि येणाऱ्या इंजनाकडे बघून मोठ्यानं म्हटलं, "आलराइट!" कोंडीला वाटलं, गाडीचा देव असेल. तिनं डोक्यावरचा पदर सावरून हात जोडले. धाकलू त्यावर इतका हसला, की निशाण हलायला लागलं आणि गाडीचा वेग उगाच कमी झाला.

मग हळूहळू तिला कळत गेलं, की हा शब्द काही एका जागी बसणाऱ्यातला नाही. काकड्या विकायला ती कर्जतच्या स्टेशनावर जायची. तिथं गार्ड शिट्टी फुंकून 'आलराइट' म्हणाला की अख्खी गाडी हलायची, तेव्हा त्याचा अर्थ 'चला'. एका मडमेचं पोर फलाटावर आपटलं. मडमेनं त्याला उचलून पोटाशी धरलं आणि इतक्या मऊ आवाजात 'आलराइट?' विचारलं, की टोपलीमागे बसलेली कोंडी काकड्या मोजायची विसरली. 'लागलं का रं माझ्या राजाला' हेच ते, दुसरं काय? फाटकापाशी गाडी खोळंबली असताना एका म्हाताऱ्या गोऱ्या ड्रायव्हरला तिनं काकडी दिली, तर कोळशानं काळ्या झालेल्या मिश्यांतून तो म्हणाला, 'आलराइट!' म्हणजे झकास. आणि त्याचा कोळसेवाला बडबडायला लागला तसा तोच ड्रायव्हर वसकन म्हणाला, 'आलराइट, आलराइट!' म्हणजे पुरे कर तुझं. एकदा तर स्टेशनमास्तरानं एका हमालाकडे बघत, दातांतून, सावकाश, तोच शब्द असा काढला, की हमाल पुढचे आठ दिवस त्याच्या वाऱ्याला उभा राहिला नाही.

"आवो," कोंडी घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "ह्यो शब्द हाय का गोधडी? वाटंल तिथं हातरा, वाटंल तवा पांघरा."

"मग आपलं 'बरं' काय येगळं हाय?" धाकलू म्हणाला. "तू मला बरं म्हनतेस तवा मला कुठं कळतं, जेवायला वाढनार का माहेरी जानार?"

"बरं," कोंडी म्हणाली, आणि वाढायला उठली.

वर्षभरात गोधडी तिच्याही अंगावर आली. भात शिजला का बघायला शीत दाबलं आणि ते मऊ लागलं की आलराइट. वासरू दाव्याला हिसके द्यायला लागलं की आलराइट, आलराइट! पुढं पारू झाली, तिचं पोट दुखून ती रडायला लागली की बेंबीभोवती हिंगाचं बोट फिरवत, मऊ आवाजात, आलराइट? सोनाबाई कपाळाला हात लावायची. "सून आनली का मडम आनली गं बाई!" पण तिनंही एकदा कोंबडीला खुराड्यात घालताना तो शब्द वापरला, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागं वळून पाहिलं. ऐकलं होतं.

एक गोष्ट मात्र कोंडी करायची नाही. कुणी विचारलं, 'काय, कसं काय चाललंय?' तर ती 'आलराइट' म्हणायची नाही. आपल्याकडे सगळं चांगलं चाललेलं तोंडानं सांगत नाहीत. गाय भरपूर दूध देत असली तरी 'देते आपली वाडग्याभर' म्हणायचं. पोर गुटगुटीत झालं तर 'कुठलं काय, वाळलंय' म्हणायचं, आणि वर त्याच्या गालाला काजळाची तीट लावायची, म्हणजे बघणाऱ्याचा डोळा आधी त्या डागावर अडकतो आणि पोर वाचतं. सगळं ठीक आहे, असं उघड्यावर म्हणणं म्हणजे दृष्टीला पाट-पाणी मांडून जेवायला बोलावणं.

धाकलूला हे कितीदा सांगितलं. पण पुरुषाच्या कानाचं भोक दुसऱ्या बाजूनं उघडं असतं.

त्या साली संक्रांत झाल्यावर तो राबाला गेला. भाताचं रोप करायची जमीन आधी भाजून काढतात, त्यासाठी ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या तोडून ठेवायच्या, त्याला राब म्हणतात. खांद्यावर कोयता टाकून निघालेल्या धाकलूला फाटकापाशीच एका गाडीवाल्यानं विचारलं, "काय फाटकवाले, कसं काय?" आणि हा शहाणा छाती काढून म्हणाला, "आपलं काय, आलराइट हाय!" कोंडी दारात उभी होती. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. ना त्यानं जमिनीवर थुंकलं, ना जीभ चावली. दुपारी चौघं त्याला घोंगडीत घालून घेऊन आले. ऐनावरून खाली आला होता, पाय गुडघ्याखाली मोडला होता.

डोंगरातल्या ठाकरवाडीचा लडकू हाड बसवणारा. त्यानं पाय ओढून बसवला, पाल्याचा लेप दिला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "पाऊस येस्तोवर खाली टेकायचा नाय."

आता फाटक कोण बघणार?

तर कोंडीनं पाहिलं. त्या दिवशीची संध्याकाळची गाडी तिनंच काढली, पारूला पाठीशी बांधून. दुसऱ्या दिवशीही तिनंच काढल्या. रुळांची दुरुस्ती बघणारा मुकादम सखा धाकलूचा जोडीदार होता, पण त्याचा मेव्हणा पोशा बिनकामाचा घरी बसून होता, आणि मेव्हण्याच्या पायी मुकादमाची बायको दर रात्री चुलीवर भाकरीऐवजी नवऱ्याला भाजत होती. तो येऊन ओट्यावर टेकला.

"वयनी, बाईमानसाचं काम नाय ह्ये."

"का बरं, भावजी? गाडी विचारते का, फाटक लावनारा लुगडं नेसलाय का धोतर?"

"गाडी नाय विचारत, साहेब विचारतो. शिमगा झाला की ट्रॉलीवरनं तपासायला येईल. त्यानं नाय म्हटलं, तर फाटक पोशाकडं आनि खोली बी त्याच्याकडं. मंग तुमी गावात जावा."

गावात जाऊन राहायचं कुठं? गावातलं घर धाकलूच्या बापाच्या वेळीच पडलं होतं आणि त्या जागी दुसऱ्यांचा वाल पिकत होता. मोडक्या पायाचा नवरा, सासू आणि अंगावरची पोर घेऊन पळसाखाली बसायचं का? कोंडीनं पदर खोचला.

"साहेब विचारतो काय?"

"निशानं बघंल, कंदील बघंल. मंग तुझ्याकडं बघून म्हनंल, आलराइट? तू म्हनायचं, आलराइट, साहेब. बस."

कोंडीनं पारूला मांडीवर ओढलं. मग हळूच म्हणाली, "भावजी, 'चाललंय आपलं' म्हटलं तर नाय चालनार?"

"वयनी, ही आगगाडी हाय! फाटकवालाच म्हनला 'चाललंय आपलं', तर डायवर उडी टाकून पळंल!"

आतून धाकलू खो खो हसला आणि पाय दुखला म्हणून कण्हला.

तो गेल्यावर कोंडी बराच वेळ पांढऱ्या निशाणाकडे बघत बसली. तोंडानं म्हणायचं ते पुढं बघू, पण रोज गाडीगणिक आपण हेच तर सांगतोय. तेही कुणा एका वाटसरूला नाही. अख्ख्या गाडीभर लोकांना, खिडकीखिडकीतल्या डोळ्यांना, कोरं करकरीत पांढरं फडकं दाखवून, की बघा, माझ्या फाटकावर सगळं ठीक आहे, कुठं डाग नाही! धाकलूनं एका गाडीवाल्याला सांगितलं तर त्याचा पाय गेला. इथं तर गाडीत माणसं आहेत, बायका आहेत, त्यांची पोरं आहेत. त्यांचं काय होईल?

ती उठली. पारूच्या काजळाची डबी घेतली. करंगळीला काजळ लावलं आणि निशाणाच्या एका कोपऱ्यात छानशी गोल तीट लावली.

सोनाबाईनं पाहिलं. सुनेच्या कुठल्याच कामाला तिनं कधी चांगलं म्हटलं नव्हतं. "जरा मोठी लाव," ती म्हणाली. "गाडी मोठी हाय."

त्यानंतर कोंडी फाटकात निर्धास्त उभी राहायला लागली. गाडी येताना दिसली की निशाण धरायचं, आणि तो कोपरा बोटानं आत न दुमडता बाहेर ठेवायचा. गाड्या आल्या, गेल्या. बैल बुजले नाहीत, फाटक अडकलं नाही. पळस फुलून तांबडाभडक झाला. पारूला दात आला. कोंडीनं मात्र कुणालाच सांगितलं नाही, की बरं चाललंय.

शिमगा उलटला आणि एका सकाळी ट्रॉली आली. चार चाकांवर लाकडी फळी, फळीवर बाक, बाकावर साहेब, त्याच्या डोक्यावर छत्री, आणि मागून रुळावर अनवाणी धावत ढकलणारे दोघं. त्यातला एक गोमा, कोंडीच्या माहेरच्या बाजूचा, पन्नाशीचा माणूस. साहेबाच्या मागोमाग सखा मुकादमही चालत आला, आणि त्याच्या मागं पोशा, धुतलेलं मुंडासं बांधून.

साहेब लांबुडका, उन्हानं भाजून वांग्याच्या भरतासारखा झालेला. तो काही वाईट नव्हता. घाईत होता. त्यानं फाटक ढकलून पाहिलं, ते सुटसुटीत फिरलं. कंदिलाची काच बघितली. काचेत त्याला स्वतःचं नाक दिसलं. मग त्यानं निशाणं मागितली. तांबडं उघडलं, हिरवं उघडलं. पांढरं उघडलं आणि थांबला.

"हे काय?"

"घान हाय, साहेब," सखा पटकन म्हणाला. "सांगत व्हतो मी, बाईमानूस..."

"घान नाय," कोंडी म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "घान नाय. काजळ हाय. म्या लावलंय."

साहेबाला मराठी कळायचं, बोलता मोडकं यायचं. "तू लावला? का?"

आता याला कसं सांगायचं? दृष्ट म्हणजे काय, हे सांगताना कुणी ऐकलं तर तीच लागायची. पाठीवरची पारू तेवढ्यात गोऱ्या माणसाला बघून आनंदानं ओरडली. कोंडीनं तिला पुढं घेतलं आणि साहेबासमोर धरलं. पारूच्या गालावर सकाळची तीट होती, गोल, काळी, तस्सीच.

साहेबानं पोरीकडे पाहिलं. निशाणाकडे पाहिलं. पुन्हा पोरीकडे पाहिलं.

"लेकराला लावतो तसं," कोंडी म्हणाली. "गाडीत बी लेकरं असतात."

सखा मुकादमानं मान खाली घातली. पोशानं मुंडासं नीट केलं. साहेबानं डागावर अंगठा घासून पाहिला. मग तो गळा साफ करून म्हणाला, "निशाण पांढरा पाहिजे. काळा डाग नाय चालणार. रूल आहे."

झालं, कोंडीला वाटलं. गेलं फाटक. खोलीतल्या अंधारात धाकलूनं श्वास धरला होता, तो तिला बाहेर ऐकू आला.

"मुकादम," साहेब म्हणाला, "बाई आल्यापासून इथं काय बिघडला?"

सखाला खोटं बोलता आलं असतं. पण ओट्यावरून सोनाबाई त्याच्याकडे बघत होती, आणि लहानपणी त्यानं तिच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या. "नाय साहेब," तो म्हणाला. "कायच बिघडलं नाय."

"काहीच नाय? आलराइट," साहेब म्हणाला. आणि असं म्हणता म्हणता, कुणाचं लक्ष नसेल अशा बेतानं, त्यानं ट्रॉलीच्या लाकडी फळीवर बोटांच्या पेरांनी टकटक वाजवलं.

लक्ष एकाच माणसाचं होतं. कोंडी गोमाकडे सरकली आणि कुजबुजली, "गोमादादा, सायबानं फळी का रं वाजवली?"

"अगं, तो वाजवतोच. तोंडातनं चांगलं काय निघालं, की लाकडाला हात लावतो. नायतर बिघडतं म्हनं. त्यांच्यात तसं हाय."

कोंडी साहेबाकडे बघतच राहिली. आणि मग, सांगू नये तिथं, ती हसली. पदर तोंडाशी नेला तरी हसू बाहेर आलंच.

"म्हंजे सायबाच्या घरात बी सासू हाय कुनीतरी!"

ओट्यावर सोनाबाईनं "आगं बया" केलं. साहेबाच्या भुवया वर गेल्या. "काय बोलली?" त्यानं गोमाला विचारलं. गोमा जीव मुठीत धरून म्हणाला, "साहेब, ती म्हनते... तुमी फळी वाजवता, ती काजळ लावते. एकच हाय म्हनते."

साहेबाचं तोंड भरतापेक्षा लाल झालं. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. हात अजून फळीवरच होता. त्यानं तो काढला, मग कुणास ठाऊक काय वाटलं, परत ठेवला, आणि खळखळून हसायला लागला.

"माझी आजी," तो म्हणाला. "सासू नाय. आजी."

"तेच ते," कोंडी म्हणाली.

आता तिच्यात धीर आला होता. तिनं निशाण त्याच्या हातातून घेतलं, त्याची वेळूची काठी वर धरली आणि टोकाशी बोट ठेवलं. "सायेब, फडकं मी धुऊन कोरं करते. तीट हितं लावते, दांड्याला. लाकूड बी झालं नि काजळ बी झालं. तुमचं बी, आमचं बी."

साहेबानं त्या दांड्याचा असा विचार केला, जसा नव्या पुलाचा करत असेल. रूलमध्ये निशाणाचा रंग लिहिलेला होता, दांड्याचं कुणी काही लिहिलं नव्हतं. मग त्यानं टोपी जरा मागं सारली आणि एकदा फाटकाकडे, एकदा कोंडीकडे बघून म्हणाला, "आलराइट."

हा आलराइट कोंडीनं आधी ऐकलेला नव्हता. तो गार्डाचा नव्हता, मडमेचा नव्हता, काकडीचाही नव्हता. पण त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. पोशा मुंडासं सोडून कपाळाचा घाम पुसायला लागला, त्यावरून सगळ्यांना कळलं.

"तुझा नवरा चालेल तोपर्यंत तू," साहेब ट्रॉलीवर चढत म्हणाला. "मग बघू." आणि ट्रॉली गेली.

ते 'मग बघू' पुढं कुणी बघितलंच नाही. धाकलूचा पाय बसला, पण जरा आखूड बसला. त्यानं काकड्यांचा मांडव आणि पोरं सांभाळली, फाटक कोंडीचंच राहिलं. पोशाला सखानं खालापूरकडे एका भातगिरणीत चिकटवून दिलं, आणि तिथं तो इतका रमला, की सणावारालाही मुकादमाकडे येईना, त्यामुळे मुकादमाच्या चुलीवर पुन्हा भाकऱ्या भाजायला लागल्या. पारूच्या पाठीवर दोन मुलगे झाले. निशाणं फाटली, बदलली, दांडे बदलले, दर नव्या दांड्याला पहिल्या दिवशी काजळ लागलं. घाटातले गार्डही पुढं पुढं म्हणायचे, 'कोंडीबाईचं फाटक आलं,' आणि गार्डाच्या डब्याच्या लाकडाला हात लावायचे. त्यांना ते कुणी शिकवलं, देव जाणे.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी ट्रॉली वळणाआड गेली आणि दुपारच्या गाडीची वेळ झाली. फडकं घासून धुतलेलं, अजून दमट होतं. दांड्यावर ताजी तीट. खोलीच्या दाराशी धाकलू सरकत सरकत येऊन बसला होता, कामट्यांचा पाय पुढं पसरून, हातात टेकायची काठी.

इंजन दिसलं. कोंडीनं निशाण छातीसमोर धरलं, अंगठा तिटेवर. ड्रायव्हर तोच म्हातारा, काळ्या मिशीचा. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं तोंड उघडून, घाटाला ऐकू जाईल असं म्हटलं, "आलराइट!"

गाडी धडधडत निघून गेली. धूर पळसांवर बसला, उठला. फाटक उघडून ती मागं वळली.

"काय गं," धाकलूनं विचारलं, "आता तरी बोल. कसं काय?"

"आलराइट," कोंडी म्हणाली.

धाकलूनं हातातली काठी उचलली आणि दाराच्या चौकटीवर हळूच टकटक वाजवली.